स्टँड नसलेली सायकल

माझ्या दादानं ठाण्याहून गिअरची सायकल आणली, जाड टायरची. ज्या बंगल्यावर तो माळीकाम करायचा, तिथल्या मुलानं ती टाकून दिली होती. तिला स्टँड नव्हता. मोखाड्याचा सायकलवाला म्हणाला, लगेच बसवून देतो, तर दादा त्यालाच हसला. "शिरपामाळला मुंबईची पोरं येतात, त्यांच्या सायकलींना स्टँड पाह्यलाय कधी? डोंगरातल्या सायकलीला स्टँड नसतो."

खरं होतं ते. पण ती पोरं सायकल गवतात खुशाल आडवी टाकतात. आमच्या दादाला साधा ओरखडा चालत नव्हता. भिंतीला टेकवली तर रंग जातो, झाडाला टेकवली तर चीक लागतो. मग राहिली वहिनी.

बाजाराच्या दिवशी दादा हॉटेलात बसून भजी खायचा आणि वहिनी बाहेर उन्हात हँडल धरून उभी. बांगड्यांचं दुकान तिनं नेहमी लांबूनच पाहिलं. पाड्यावरची माणसंही काही कमी नव्हती. "काय रे, स्टँडला भजी नाय का आणली?" असं कुणी म्हटलं की दादाच सगळ्यात मोठ्यानं हसायचा. मला त्याचे दात पाडावेसे वाटायचे.

उन्हाळ्यात आमच्या सूर्यमाळला पाण्याचे हाल. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि मग ज्याचा दोर आधी पडेल त्याचं पाणी. त्या दिवशी मी शेंदत होते. हँडलच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन लटकवलेले आणि वहिनी सायकल धरून उभी. दादा टँकरच्या ड्रायव्हरशी गप्पा छाटत होता. एवढ्यात वहिनीची पोरगी, नुकती कुठे चालायला लागलेली, बायांच्या पायांमधून थेट विहिरीच्या काठावर गेली. माझ्या हातात भरल्या बादलीचा दोर. मी ओरडले, "वहिनी, पोर!"

वहिनीनं हँडल सोडलं. दुसरं काय करणार होती? तिनं पोरीला फ्रॉकला धरून मागं ओढलं आणि तिथंच चिखलात बसकण मारली. मागं सायकल दगडावर आपटली, कॅन फुटले, पाणी उतारानं गेलं.

दादा धावत आला. आधी त्यानं सायकल उचलली. मागचं चाक फिरवून पाहिलं, गिअर वाकला होता. मग पोर मांडीवर असतानाच वहिनीच्या थोबाडीत मारली. पोर रडायला लागलं. बाया बादल्या ओढत राहिल्या. पाणी तळाला चाललं होतं, थांबायला सवड कुणाला? मी दादाला तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "तू तुझं पाणी भर."

पुढच्या बाजाराला तो एकटाच गेला आणि सायकलीला स्टँड बसवून आला. मला वाटलं, चला, सुटली वहिनी. अंगणात सायकल उभी करून, दोन्ही हात सोडून, तो शेजाऱ्यांना दाखवत होता. "बायकोचा भरवसा नाय. हा बघा, सोडून पळत नाय."

शेजारी हसले. वहिनी ओट्यावर पोरीला नागलीची पेज भरवत होती. तिनं मान वर करून एकदा स्टँडकडं पाहिलं.

"कसा पळंल?" ती म्हणाली. "त्याला पोर कुठंय?"