बंद घरांची यादी

आमच्या वाडीतल्या अकरा घरांपैकी पाच घरं चतुर्थी आणि मे महिना सोडला तर बंदच असतात. मालक मुंबईत. या पाचही घरांच्या चाव्या माझ्या शेजारच्या काकीकडे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या. चाव्यांवर नावं नव्हती. एकीला लाल चिंधी, एकीला सुंभ, एकीला फुटक्या बांगडीचा तुकडा, दोन तशाच मोकळ्या. कुठली कुठल्या घराची, ते काकीच्या बोटांना ठाऊक.

सत्तरीची काकी रोज तिन्हीसांजेला पाचही घरांत जाऊन देवाकडे दिवा लावायची आणि ओटीवरचा बल्ब पेटवायची. स्वतःचे धुतलेले कपडे पाच घरांच्या दोऱ्यांवर वाटून घालायची. एका दोरीवर लुगडं, दुसरीवर वारलेल्या नवऱ्याची लुंगी. त्याच्या चपला तर दर आठवड्याला एका घराच्या पायरीवरून दुसऱ्या घराच्या पायरीवर जायच्या. "जिता आसताना एक घर राखूक नाय, आता पाच राखता," असं ती म्हणायची. चोरी कधी झाली नाही. पण ही पद्धत कुठे छापलेली नसल्यामुळे तिला पद्धत म्हणायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.

गेल्या वर्षी मिरगाच्या आधी ओरोसहून सुरक्षेवर व्याख्यान देणारे एक गृहस्थ आले. देवळाच्या मंडपात पडदा लावला. पडद्यावर पंधरा मजली इमारतीचं फाटक आणि वर्दीतला पहारेकरी दिसला आणि वीज गेली. पुढचा दीड तास ते न दिसणाऱ्या चित्रांवर बोलले. कॅमेरे बसवा, अनोळखी हालचालींवर नजर ठेवा, बंद घरांची नोंद ठेवा. शेवटी शाल, नारळ आणि दक्षता समितीची स्थापना. मी निवृत्त मास्तर, अक्षर बरं, म्हणून सचिव झालो.

सचिवाने काहीतरी करायला हवं. मी बंद घरांची यादी केली. घर, मालक, कधीपर्यंत बंद, चावी कोणाकडे, असे चार रकाने आखले. शेवटच्या रकान्यात काकीचं नाव पाच वेळा लिहिलं. माहिती सर्वांना मिळावी म्हणून यादी बस थांब्यावरच्या फलकावर चिकटवली. चार जणांनी अक्षराचं कौतुक केलं. मला वाईट वाटलं नाही.

पाचांपैकी एक मालक मुंबईत मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेला. समितीची बातमी ऐकून तो दोन दिवसांसाठी आला आणि दाराच्या वर कॅमेरा बसवून गेला. काकी तेव्हा बांद्याला लेकीकडे होती. तिला सांगायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

श्रावणात, काकी परतली त्याच्या दुसऱ्याच सकाळी, गावाच्या ग्रूपवर त्याने चित्रफीत टाकली. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली एक व्यक्ती, वरून दिसणारी, त्याच्या घरातून पितळी समई घेऊन बाहेर पडते. खाली मजकूर: "ही बाई कोण? समितीने खुलासा करावा."

चालण्यावरून सगळ्या वाडीने काकीला ओळखलं. दर वर्षी चतुर्थीच्या आधी ती पाचही घरांच्या समया चिंच लावून घासते, हेही सगळ्यांना माहीत. पण ग्रूपवर तसं कोणी लिहिलं नाही. अध्यक्षांनी "गंभीर बाब" एवढं लिहिलं. मी त्या मालकाला फोन करायचा सोडून तातडीच्या बैठकीची नोटीस काढली.

बैठकीत काकी आली ती डबा घेऊनच.

"ह्यो घेवा चावयो. चाळीस वर्सा सांभाळलंय. आता चोरटी झालंय."

"काकी, चोर कोणी म्हणाला नाही," अध्यक्ष शुद्ध मराठीत म्हणाले. "फक्त खुलासा हवा आहे."

"तुमच्या मुंजीत तुमका मांडयेर घेवन बसलंय मी. तेचो पण खुलासो देव?"

ती निघून गेली. त्या दिवसापासून तिने विहिरीवर बायकांत थांबणं सोडलं. कोणाच्या घरी पूजेला गेली नाही. "कोणाचा काय हरवला तर माझ्यार येवचा," एवढंच ती मला कुंपणापलीकडून म्हणाली. पाचही घरं काळोखात गेली. चपला तिच्या स्वतःच्या पायरीवर येऊन थांबल्या.

पंधरा दिवसांत वीज कडाडली आणि मुंबईचा फोन आला. "मास्तर, कॅमेरा बंद दाखवतोय. आत मेन स्विच पडला असेल, जरा बघता का?"

अध्यक्ष, खजिनदार आणि मी डबा घेऊन गेलो. लाल चिंधी लागेना. सुंभ अर्धं फिरे. मोकळी चावी आत गेली ती बाहेर येईना. समोर काकी आपल्या ओटीवर केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर काढत बसली होती. अर्ध्या तासाने तिने मान वर केली.

"मास्तरांनू, चोर आसतो तर एवढ्यात चाय घेवन गेलो आसतो."

कुलूप उघडलं नाही. घर आणि कॅमेरा दोन्ही बंद राहिले.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी तो मुंबईकर आला. अडकलेली चावी पकडीने काढून स्वतःच्या चावीने आत गेला, देवाकडे समई नाही म्हणून बाहेर आला, आणि मला सोबत घेऊन काकीच्या अंगणातल्या खळ्यात उभा राहिला. समई तिच्या ओटीवरच होती, सोन्यासारखी लखलखीत.

"काकी, चुकलंय मी. समई दे. आणि चावी पण ठेव परत."

"हयसर कित्या सांगतंस? हयसर आमी तिघाच आसव. फिलीम जंय घातलंस, थंय घाल."

तो खळ्यात उभ्या उभ्याच फोनवर लिहू लागला. पहिल्या मजकुरात "गैरसमज" होता. काकीने मला मोठ्याने वाचायला लावला आणि मान हलवली. दुसऱ्यात "तांत्रिक कारणास्तव" आला. तिसऱ्यात त्याने लिहिलं, की ती काकी होती, समई घासायला नेत होती आणि आपण न विचारता तिला चोर ठरवलं. तो मजकूर ग्रूपवर गेला. मिनिटभरात चाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. त्यात अध्यक्षही होते.

काकीने समई त्याच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळली.

"आणि तुमचो तो कागद? खंयचा घर बंद, कदीसर बंद, चावयो खंयच्या म्हातारेकडे. चोराक इचारूची गरजच नाय, बस येयसर वाचून होता."

मी बस थांब्यावर गेलो. पावसाने रकान्यांच्या रेघा पुसल्या होत्या. अक्षर शाबूत होतं. कागद काढून आणून तिला दिला. तिने न वाचता तो न्हाणीच्या चुलीत सारला. चाव्यांचा डबा अजून माझ्याच घरी होता.

"डबो हाडा," ती म्हणाली.