पत्रकावरची अकरा नावं

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की अमेरिकेतल्या एडिसन गावातला आमचा इराणी शेजारी आठवतो. तो कवी आणि नाटककार, तेहरानहून जीव वाचवून आलेला. ऐंशीच्या दशकात एका चर्चच्या तळघरात त्यानं तिथल्या इराणी मुलामुलींना घेऊन इराणच्या राजवटीविरुद्ध नाटक बसवलं. प्रयोगाचं पत्रक मी केलं, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि आमच्या मराठी मंडळाच्या रिवाजानं पडदा ओढणाऱ्यापर्यंत अकराही जणांची नावं त्यात घातली. "कुणी राहिलं का बघ," मी प्रयोगाआधी त्याला अभिमानानं म्हणालो. वाचता वाचता तो पांढराफटक पडला. "माझं नाव असू दे, माझं तिकडे कुणी उरलं नाही. पण यांचे आईबाप तिथेच आहेत." प्रेक्षक बसू लागले होते. आम्ही खुर्च्याखुर्च्यांवरून, लोकांच्या हातांतून पत्रकं परत घेतली. ऐंशी वाटली होती, एकोणऐंशी मिळाली. ते एक कोणाच्या खिशातून कुठवर पोचलं, हे मला आजही ठाऊक नाही.