कसरतवाली बाहेर निघाली

पुण्याच्या वसतिगृहात आम्ही चौघे एक खेळ खेळायचो. चौकटीच्या कागदावर लढाई, प्रत्येकाचं एक पात्र आणि वीस बाजूंचा फासा. एक जण पात्र न घेता खेळ चालवायचा. शत्रू त्याचे, निवाडाही त्याचाच. माझं पात्र म्हणजे एक कसरतवाली. मी स्वतः एस.टी.मागे धावलो तरी धापा टाकतो, म्हणून असेल.

नियम साधा होता. शत्रूला खेटलेल्या घरातून नुसतं चालत निघालं, की तो एक फुकटचा वार करणार. कसरतवालीला मात्र कोलांटी मारून निसटता येई. तेव्हा तिची चाल निम्मी, सहाऐवजी तीन घरं; आणि खेळ चालवणारा सांगेल तेवढं दान फाशावर पडलं पाहिजे. कमी पडलं तर ती जागीच आडवी.

पुढे मी वाशीमला परत आलो, आमचं भाजीपाल्याचं वावर बघायला. खेळ रविवारी दुपारी फोनवर चालू राहिला. कागद माझ्या टेबलावर, सोंगट्या आईच्या बियाण्याच्या डब्यातल्या: शत्रू तुरीचे दाणे, आम्ही वालाचे. एकाचं लग्न झालं, तो गळाला. दुसरा परदेशी गेला. त्यांचे वाल मी डब्यात परत टाकले, आईने ते कुंपणाशी पेरूनही टाकले. उरलो मी आणि खेळ चालवणारा.

शेवटच्या रविवारी कसरतवाली तीन पहारेकऱ्यांच्या मधोमध अडकली. "पुढच्या रविवारी इथूनच," तो म्हणाला. त्याला आता नऊ महिने झाले. मी कागद हलवू दिला नाही आणि त्याला फोनही केला नाही. गरज काय मला एकट्यालाच आहे? हा झाला ताठा. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तो नाही म्हणाला असता, तर माझं म्हणावं असं कोणी उरलंच नसतं.

परवा वावरातून आलो तर टेबल पुसलेलं आणि वाल पहारेकऱ्यांपासून लांब ठेवलेला. मी आईवर खेकसलो.

"तिघाइच्या मधात अडकली होती बिचारी," आई म्हणाली. "म्या बाहेर काढली."

"असं नाई काढता येत वो आई." मी वाल जागेवर ठेवला आणि तिला नियम सांगितला.

"मंग टाक ना फासा. कोनाची वाट पाहून राह्यला?"

"किती पडाले पायजे, ते तो सांगते."

"मंग लाव त्याले फोन. त्यात काय?"

आई समोरच बसून राहिली, म्हणून लावला. तो आनंदाने बोलला, पाऊसपाणी विचारलं. मी कसरतवालीचं विचारलं.

"कुठली रे कसरतवाली?" तो म्हणाला. मग हसला. "अरे, तो खेळ! अजून ठेवलायस तू?" मागे त्याची मुलगी रडायला लागली. त्याने घाईने फोन ठेवला.

"काय म्हने?" आईने विचारलं.

"पंधरा पडाले पायजे म्हने," मी थाप मारली.

मी फासा टाकला. सतरा पडले.

"वाचली बाप्पा!" म्हणत आई चहा ठेवायला गेली. मी कसरतवालीला पहारेकऱ्यांमधून काढून तीन घरं पुढे नेलं. तिथे तिच्या बाजूचं कोणीच नव्हतं. तिच्या सोबत्यांचे वेल कुंपणावर चढले होते, आणि त्यांना शेंगाही लागल्या होत्या.