वॉल्टच्या नावाची वीट

ओहायोत आमच्या शेजारी राहणाऱ्या लोरेटाने तीस वर्षं शाळेच्या खानावळीत मुलांना जेवण वाढलं. दर मे महिन्यात तळ्याकाठची पाळण्यांची बाग उघडली, की पहिल्या दिवशी ती फाटकाशी हजर. तिकिटं महागली, लाकडी घोडे काढले, तरी बागेला कोणी नावं ठेवलेली तिला खपत नसत.

नवरा वॉल्ट वारला तेव्हा बागवाल्यांनी नाव कोरून विकायला काढलेल्या विटांपैकी एक तिने त्याच्या नावाने घेतली. ती बागेतल्या कारंज्याभोवतीच्या फरशीत बसवली होती. त्याची कबर दूर गावी, म्हणून लोरेटा फुलं इथेच आणायची. तिच्यासोबत जाऊन मीही मनोमन हात जोडत असे.

यंदा आम्ही गेलो तर कारंजंच नव्हतं. जास्त पैसे भरून रांग चुकवणाऱ्यांसाठी तिथे नवी वाट केली होती.

"विटा कुठे ठेवल्यात?" तिने तिकिटाच्या खिडकीतल्या बाईला विचारलं.

"सगळ्यांचे फोटो काढलेत, मॅडम. फोनवर बघता येतील."

"अगं बाई, फोटो माझ्याकडेही आहे. वीट कुठाय?"

बाई ओशाळली. "फोडून त्या वाटेखालीच भराव घातला."

लोरेटा वाटेकडे वळली. "रांगेत कोणी घुसलं की वॉल्ट भांडायचा," ती मला म्हणाली. "आता त्याच्याच अंगावरून घुसतायत."

गळ्यातला हंगामभराचा पास काढून तिने खिडकीत ठेवला.

"अहो, ऑक्टोबरपर्यंत आहे हा!"

"राहू दे तुम्हालाच."

फुलं हातातच घेऊन ती फाटकाबाहेर पडली. त्या दिवशी आम्ही एकाही पाळण्यात बसलो नाही.