भरती झाली

त्र्यंबकराव टिपणीस मास्तरांना मी घाबरत असे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्यांना सगळेच घाबरत. कल्याणात ओव्हरसियर तयार करणारा एक खाजगी वर्ग होता, तिथे ते शिकवत. त्याआधी रेल्वेच्या घाटकामावर त्यांची उमेदीची वर्षे गेली होती आणि डाव्या हाताची दोन बोटे तिथल्याच एका सुरुंगाने नेली होती. फळ्यावर गणित चुकले तर ते हसून सोडून देत. कामावर चूक झाली की मात्र डोक्यात राख घालून घेत. एकदा मी डगमगता दगड चुन्याने लिंपून झाकला. मास्तरांनी तो उपटला आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावर असा आपटला की त्याची दोन शकले झाली. "हाच उद्या कुणाच्या तरी टाळक्यात पडेल, गाढवा!" ते ओरडले.

अर्धा दिवस पुस्तक आणि अर्धा दिवस काम, असा त्यांचा शिरस्ता. गावातले शहाणे नाकाने कांदे सोलत. "मुलं साहेब व्हायला धाडली, टिपणीस त्यांना पाथरवट करतोय," म्हणत. वर्गाच्या चालकांनाही हे पसंत नव्हते. सरकारची मान्यता मिळाली तरच आमच्या दाखल्यावर नोकरी मिळणार होती, आणि चिखलाने माखलेली धोतरे बघून कोण मान्यता देणार, ही त्यांची काळजी. पण पाहणीला आलेला इंग्रज अंमलदार नेमका उलट्या डोक्याचा निघाला. शिकवणे आणि प्रत्यक्ष काम यांची अशी गाठ घालणारा मास्तर आपण या देशात पाहिला नाही, असे तो सर्वांसमोर बोलला. वर्गाला मान्यता आणि मास्तरांना चांदीचे पदक, दोन्ही ठाण्याच्या समारंभात द्यायचे ठरले. तेच चालक मग मास्तरांच्या मागेपुढे करू लागले.

समारंभ आठवड्यावर आला असताना ठाकुर्लीजवळ खाडीत फेलिक्स मेला.

तिथल्या पुलावर आमचे अर्ध्या दिवसाचे काम असे; पायासाठी तळाचा खडक सुरुंगाने फोडत. ओहोटीला खड्डा कोरडा पडला की काम चाले. खडकातल्या भोकात दारू ठासून माणसे वर आली, की "भरती झाली" अशी आरोळी द्यायची आणि मग वात पेटवायची. घाटात मास्तर हेच शिकले होते, आम्हालाही त्यांनी हेच शिकवले. त्या दिवशी वातीपाशी, दगडाच्या आडोशाला, आमच्यातला परशुराम बसला होता. पुण्याकडचा पोरगा, खाडी त्याने कल्याणला आल्यावर पाहिलेली. फेलिक्स खाली खड्ड्यात दारू ठासत होता. त्याचा थोरला भाऊ इनास बांधावर उभा राहून पाण्यावर नजर ठेवत होता. दोघेही काठावरच्या किरिस्ताव वाडीतले, पुलावर मजुरीला.

पाणी वळले आणि चढू लागले. इनासने हाक दिली, "भरती झाली! भरती झाली रं, वर ये!"

वाऱ्यात पुढचे शब्द गेले. परशुरामने ऐकले तेवढे ऐकले आणि वात पेटवली.

धूर विरला तेव्हा फेलिक्सचे कमरेखालचे काही शिल्लक नव्हते. इनास खड्ड्यात उडी मारून त्याला उराशी धरून बसला होता आणि चढते पाणी दोघांभोवती लाल होत होते. 

वाडी धावून आली. कुणाच्या हाती कोयता, कुणाच्या हाती वल्हे. "कोन तो? कोनी आग लावली?" परशुराम तिथेच उभा होता, पळायचेही त्याला सुचले नाही. मास्तर त्याच्या पुढे झाले.

"त्याला शब्द मी शिकवला. मारायचं तर मला मारा."

त्यांनी मारले. इनासने वल्हे दोन्ही हातांनी फिरवले आणि मास्तरांच्या जबड्यावर घातले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. ते पडले तशा लाथा बसू लागल्या. आम्ही दगड उचलले, एकाचे कपाळ मीच फोडले. चिखलात पडलेले मास्तर हाताने "नको, नको" करत होते. एरवी आमच्यावर आग पाखडणारा माणूस स्वतःवरचा एक घावही अडवत नव्हता. शेवटी फेलिक्सची बायको एमिलिया मध्ये घुसली. "पुरं करा! माजा मानूस उचला आदी!"

दुसऱ्या दिवशी पुलाचा ठेकेदार चालकांना भेटला. फेलिक्स दारू पिऊन खड्ड्यात बसून राहिला, एवढे सांगितले तर सगळे मिटेल, म्हणाला. काम थांबणार नाही, मान्यताही जाणार नाही. चालकांनी माना डोलावल्या. वाडीत ही बातमी पोचली तशी एमिलिया मास्तरांच्या दारात आली. जबडा फडक्याने बांधलेले मास्तर ओसरीवर होते, मी त्यांना पेज भरवत होतो.

"माजा घो दारूला शिवत नवता," ती म्हणाली. "मेल्यावर त्याला दारुडा करू नका, मास्तर."

मास्तरांना बोलता येत नव्हते. त्यांनी हात जोडले. त्याचा अर्थ तिला लागला नाही, मलाही नाही.

ठाण्याच्या समारंभात साहेबाने अपघाताविषयी विचारलेच. चालकांचे प्रमुख लगबगीने उठले. "मास्तरांना बोलवत नाही, साहेब. मयत इसम प्यालेला होता, हे त्यांना मान्य आहे."

मास्तरांनी जबड्याचे फडके ओरबाडून काढले.

"खोटं!" तोंडातून रक्त आले आणि अंगरख्यावर ओघळले. एकेक शब्द ते दातांतून उपसत होते. "फेलिक्स शुद्धीत होता. खाडीत भरती म्हणजे पाणी. मी तिथं डोंगरातला शब्द नेला. माझ्या शब्दानं माणूस मेला."

प्रमुखांनी त्यांचा दंड धरला. मास्तरांनी त्यांना असे ढकलले की ते खुर्चीसकट आडवे झाले आणि टेबलावरचे पदक कुठेतरी घरंगळले. मला फार बरे वाटले.

मान्यता गेली. चालकांनी वर्गाला कुलूप ठोकले. मास्तरांनी मात्र शिकवणे थांबवले नाही. ते आम्हाला घेऊन पुन्हा खाडीवर आले आणि परशुरामलाही त्यांनी बखोट धरून आणले. फेलिक्स गेल्यापासून तो धड जेवला नव्हता, खाडीकडे टक लावून बसे. आम्ही बांधावर बसतोय तोच वाडीची माणसे येताना दिसली. पुढे एमिलिया, मागे इनास. मी दगड चाचपला.

एमिलिया सरळ परशुरामपुढे उभी राहिली आणि तिने त्याच्या थोबाडीत दिली. एवढ्या जोराने की तो गुडघ्यांवर बसला. मग दुसरी दिली. ओठ फुटला, तरी त्याने मान वर केली नाही. मास्तर पुढे झाले नाहीत.

तिने केस धरून त्याला उभे केले आणि इनासकडे लोटले.

"याला पानी वळखायला शिकीव," ती म्हणाली. "येक मेला तेवडा बास."