नऊ कडव्यांचा अंतरपाट

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची अब्रू माझ्या उजव्या खांद्याने घालवली. डाव्यानेही फारसा प्रतिकार केला नाही.

पुतणी गार्गीचं लग्न इथेच, ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या कार्यालयात होतं. मुलाकडचे पुण्याचे. बैठकीत त्यांच्यातलं कुणीतरी आमच्या मराठीला 'गोड हिंदी' म्हणालं होतं. (अपमान!) मी हट्टाने शुद्ध मराठीत नऊ कडव्यांची मंगलाष्टकं लिहिली, "एकही गाळायचं नाही" असं ती गाणाऱ्या नणंदेला बजावलं आणि घरात फर्मान काढलं : मंडपात हिंदी बंद!

ऐन वेळी गुरुजी म्हणाले, "माझा खांदा आखडलाय. अंतरपाटाचं एक टोक कुणीतरी धरा."

आमचे हे उठले. मी त्यांना बसवलं. बावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवतेय मी! त्यांच्या खांद्यावर बोट ठेवून म्हटलं, "हा त्रिकोणी स्नायू, डेल्टॉइड. पुढचे तंतू हात पुढे उचलतात, मधले बाजूला, मागचे मागे नेतात. तुमचे तिन्ही सोफ्यावर झोपलेत. माझा रोज तीस पोळ्या लाटतो."

"अगं, लाटताना हात हलतो. इथे नुसता धरून ठेवायचाय."

"बसा!"

पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात खांदा तापला. सतत आकुंचित राहिलेल्या स्नायूला रक्त पुरेसं पोचत नाही, हे मी दरवर्षी शिकवते. तिसऱ्यात स्वतः शिकले. दुसरं टोक मुलाच्या मामांकडे. त्यांनी कोपर चक्क पोटावर टेकवलं होतं! (पोट मलाही आहे, पण फोटोंसाठी मी ते आत ओढून धरलं होतं.)

चौथ्यात हात बदलला. डावा पाचव्यातच वारला. नणंद प्रत्येक 'मंगलम्' पार शेजारच्या मुरैना गावापर्यंत लांबवत होती. मी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. तिला वाटलं, दाद देतेय. तिने ओळ पुन्हा घेतली!

अंतरपाट उतरू लागला. आधी नवरदेवाची पगडी उगवली, मग कपाळ, मग डोळे.

"काकू, पूरा दिख रहा है!" गार्गी कुजबुजली.

"मराठीत बोल! आणि डोळे मीट!"

मागून हे म्हणाले, "सध्या कोणते तंतू चालू आहेत? पुढचे की मधले?"

नणंदेचा माइक माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर आहे, हे मला सातव्या कडव्याला कळलं. म्हणजे ओरडून झाल्यावर.

"अरे ताई, अब बस भी करो! मेरा हाथ टूट रहा है!"

कार्यालय दणाणलं. अंतरपाट हातातून सुटला. मुहूर्ताला तीन मिनिटं असताना अनुभवी गुरुजी घड्याळाकडे न बघता "सावधान!" म्हणाले आणि अक्षता पडल्या.

जेवताना मुलाची आई शेजारी बसली. मी मंगलाष्टकांचा विषय काढला. काढायला नको होता.

"सुरेख लिहिलीत हो! जरा जड होती, फारशी समजली नाहीत. पण ती शेवटची ओळ! अगदी काळजातून आलेली."

मी नुसती मान हलवली. नमस्कार करण्याइतका हात वर होत नव्हता.