कोपऱ्यापासून चालत

आज सकाळी नातवाला मांडीवर घेऊन गॅलरीत बसले होते. सून कोथिंबीर आणायला म्हणून गेली होती, ती रस्त्याने पळत येताना दिसली. लांब ढांगा टाकत, मान ताठ, अगदी मजेत. बाळ होण्याआधी ती लांब पल्ल्याच्या शर्यती पळायची. इस्त्रीवाल्याच्या कोपऱ्यावरून आमच्या गॅलरीत कोण बसलंय ते दिसतं. तिथे आली आणि एकदम चालायला लागली. ओढणीने कपाळ पुसलं, पिशवी नीट धरली. चोरी करून आलेलं माणूस असं चालतं.

मला लाज वाटली. परवाच मी तिला म्हणाले होते, "पळालीस तर अंगावरचं दूध आटेल." खरंच आटतं का, मला काय ठाऊक? मी विहिरीवर बायकांत हसत बसू नये म्हणून माझी सासू मला दूध आटेल हेच सांगायची. मुलगाही रोज पळतो. घामाघूम होऊन येतो, किती पळालो ते घरभर सांगतो आणि चहा मागतो. मीच वर म्हणते, दमलास रे. बाप तोही नवाच आहे.

सून वर आली. धाप दाबून म्हणाली, "आई, कोथिंबीर." फ्रिजमध्ये कालची जुडी तशीच पडली होती.

मी म्हणाले, "उद्या काही आणू नकोस. नुसती पळून ये."

माझा आवाज मुळातच करडा. तिने घाईने बाळाला माझ्याकडून घेतलं आणि खाली बघत म्हणाली, "चुकलं आई. परत नाही पळणार."